मदत हवी आहे: लहान आतड्यात गाठ, तुकडा न तपासता ऑपरेशन?

चोपडेकर:
नानांच्या (वडील, ६४) लहान आतड्यात चार सेंटीमीटरची गाठ निघाली. सर्जन म्हणतात, काढून टाकू. काका म्हणतात, आधी बायोप्सी, मगच हात लावू द्या. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. वरची-खालची दोन्ही दुर्बीण नॉर्मल. 'चांगल्या डॉक्टरला दाखवा' लिहू नका, दाखवलंय.

तापीकाठ:
दुर्बीण केलीच कशासाठी? पोट दुखतं, वजन उतरलं की रक्त जातंय? हिमोग्लोबिन? गाठ दिसली कशात?

चोपडेकर:
सीटीत. हिमोग्लोबिन ६.८ होतं, दोन बाटल्या चढवल्या. शौचाला डांबरासारखी होत होती. लोहाच्या गोळ्यांनी होते म्हणून चार महिने गेले, तो विषय नको.

केळीवाला_रावेर:
कॅप्सूल एंडोस्कोपी करा. गोळी गिळायची, ती आतून फोटो काढते. माझ्या साडूचं निदान तिनंच झालं.

तापीकाठ:
केळीवाले, गाठ सीटीत दिसलीय, आता फोटोंचा अल्बम कशाला? आतडं अरुंद झालं असलं तर कॅप्सूल अडकते, मग तिच्यासाठी वेगळं ऑपरेशन.

केळीवाला_रावेर:
साडूची नाही अडकली.

पारोळ्याची_लेक:
आमच्या आत्यालाही कॅन्सरच सांगितला होता. निघाला आतड्याचा टीबी. सहा महिन्यांच्या गोळ्यांत बरी.

काचपट्टी:
पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. टीबी बहुतेकदा लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी असतो, खालची दुर्बीण तिथवर जाऊ शकते. नानांची गाठ कुठे? जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) लिहिलंय का? एकच आहे? आजूबाजूला गाठी, यकृतावर डाग?

चोपडेकर:
जेजुनम. एकच. यकृत स्वच्छ. खाली 'जीआयएसटी?' लिहिलंय.

काचपट्टी:
मग सर्जनचं म्हणणं पटतं. एकटी, रक्त सोडणारी, सहज निघेल अशी गाठ असली तर काढलेली अख्खी गाठ हीच बायोप्सी. जीआयएसटी म्हणजे जिस्ट, आतड्याच्या भिंतीत वाढणारी गाठ. ती ठिसूळ असते, फुटली तर पोटात पसरायची भीती, म्हणून अखंड काढतात. काका अगदीच चूक नाहीत. लिम्फोमाचा (लसिकापेशींच्या कॅन्सरचा) संशय असता तर तुकडा आधीच लागला असता, कारण त्यात केमो मुख्य. गाठ पसरली असती तरीही. जिस्ट आहे का हे नंतर गाठीच्या पेशींवरच्या सीडी११७ या प्रथिनाच्या तपासणीत कळेल. आकार, जागा आणि पेशी किती वेगानं विभागतात यावरून धोका ठरतो. जास्त असला तर इमॅटिनिबची रोज गोळी, साधारण ३ वर्षं. आतड्याच्या नेहमीच्या कॅन्सरची गोष्ट निराळी, तिथे लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. सर्जनला हेच विचारा.

निसर्गप्रेमी:
कापाकापी कशाला? गव्हांकुराचा रस २१ दिवस.

तापीकाठ:
२१ दिवसांत अजून दोन बाटल्या रक्त जाईल, ते तुम्ही देणार का?

भुसावळ_जंक्शन:
घाबरू नको भो. परळला टाटाला दुसरं मत घे. रात्रीच्या गाडीनं दादरला उतर. कळण्याचं पीठ बरोबर ने, मुंबईची पोळी नानांना चालणार नाही.

पारोळ्याची_लेक:
आतड्याच्या ऑपरेशननंतर कळण्याची भाकरी? सोबत ठेचाही न्यायचा का?

भुसावळ_जंक्शन:
पीठ म्हणालो, ठेचा तुम्ही काढला.

तापीकाठ:
अवांतर पुरे. चोपडेकर, नानांना रोजच्या गोळ्या कोणत्या?

चोपडेकर:
बीपीची. आणि स्प्रिंग टाकल्यापासूनची रक्त पातळ करायची.

तापीकाठ:
स्प्रिंग? हृदयात? हे आत्ता सांगताय? सर्जनला माहीत आहे?

चोपडेकर:
आईनं त्यांना फक्त बीपीची सांगितली. मी रक्ताची पिशवी आणायला गेलो होतो. आजपासून बंद करू का?

काचपट्टी:
मनानं बंद करू नका, स्प्रिंगमध्ये गुठळी होऊ शकते. मनानं चालूही ठेवू नका, गाठ रक्त सोडतेय. सर्जन आणि हृदयवाले डॉक्टर, दोघांना आजच एकमेकांशी बोलायला लावा. स्प्रिंग कधी टाकली ते तारखेसकट सांगा.

चोपडेकर:
फाईल धाकट्याकडे धुळ्याला आहे. फोन लावतोय, उचलत नाही.