तीन लाखांत उघडी गाडी: छत कापलेली फियाट घ्यावी का?

भुसावळकर: जुन्या उघड्या गाडीची हौस असेल आणि हाताशी तीन लाखच असतील, तर डोळे झाकून छत कापलेली पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, घ्यावी. इंजिन कोणताही जुना मेकॅनिक उघडतो. हेराल्ड या दुसऱ्या जुन्या गाडीच्या नादी लागू नका, ती भंगार आहे.

पांझराकाठ: 'डोळे झाकून' हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. फियाटला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र लोखंडी सांगाडा, नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो आणि त्यातला मोठा ताण छत पेलते. ते कापले की गाडी मधोमध खचते. गेल्या लग्नसराईनंतर धुळ्यात मला दाखवलेल्या पद्मिनीच्या दाराचा वरचा कोपरा मागच्या खांबाला घासत होता; गाडीखाली मध्यावर जॅक लावून ती किंचित उचलली, तेव्हा कुठे ते दार नीट लागले. मॅटिंग उचलले, तर खालच्या पत्र्यावर वेल्डिंगवर वेल्डिंग चढवलेले होते.

हेराल्ड ट्रायम्फने १९५९ साली इंग्लंडमध्ये काढली, तिचा आकार मिकेलॉत्ती या इटालियन रचनाकाराचा, आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती आपल्याकडे बांधली. तिला स्वतंत्र चासी आहे आणि छत बोल्टने बसवलेले आहे, त्यामुळे ते उतरवल्याने सांगाडा मोडत नाही. अशा गाडीला भंगार म्हणणे मला सहन होत नाही.

भुसावळकर: आमच्या मामांकडे हेराल्ड होती, म्हणून बोललो. वळणावर एकदम ब्रेक दाबला की तिचे मागचे चाक आत मुडपायचे आणि गाडी भिरकावली जायची. एका काचेसाठी मामांनी कुठे कुठे फोन केले, ते मी पाहिले आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. इतकी वर्षे धावलेल्या गाडीचे सुटे भाग एका रात्रीत संपत नाहीत.

चोपड्याचा वाचक: सुट्या भागांचे सोडा, कागदांचे काय? मला संताप आहे तो वरातीवाल्यांचा. चांगल्या पद्मिनीचे छत कापायचे, नवरदेव मिरवायचा आणि हंगाम सरला की तीच गाडी 'विंटेज' म्हणून गळ्यात मारायची. कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. २०२१ च्या विंटेज नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी बसते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. शिवाय नव्या नोंदणीचे वीस हजार भरूनही ती रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच. माझ्या मेहुण्याने अशीच छत कापलेली गाडी घेतली. आज ती शेडमध्ये उभी आहे, कारण पुनर्नोंदणीसाठी ती दाखवायला नेण्याची त्याची हिंमत होत नाही.

भुसावळकर: मग हेच कलम हेराल्डला का लावत नाही? बंद गाडीचे छत बोल्ट काढून उतरवले काय आणि कापून काढले काय, आरसीवर बॉडीचा प्रकार तोच राहणार.

पांझराकाठ: हा मुद्दा तुमचा खरा आहे, आणि तो तुमच्याकडून यावा याचे मला वाईट वाटते. पण बोल्टने उतरवलेले छत ज्याने जपले आहे, तो पासिंगच्या दिवशी ते परत चढवू शकतो. कापलेले छत कुठून आणणार?

रावेरची ताई: भाऊ, तुमचे दोघांचे भांडण वाचून मला एकच विचारायचे आहे: कारखान्यातूनच कापडी टप लावून निघालेली गाडी तुमच्या डोळ्यांसमोर का येत नाही? महिंद्राची जुनी जीप घ्या, नाही तर १९८५ पासून निघालेली मारुतीची जिप्सी घ्या. दोन्हींना चासी आहे आणि टप काढल्याने कोणताही कायदा मोडत नाही. आमच्या केळीच्या मळ्यातली जीप तोरणमाळचा घाट टप उतरवून चढली आहे.

भुसावळकर: ताई, जीप हे शेतातले वाहन आहे. हौशीची गाडी म्हटली की खाली बसण्याची ऐट हवी, आणि लीफ स्प्रिंगच्या उंच, कडक पाट्यांवर ती मिळत नाही.

रावेरची ताई: ऐट मे महिन्यात विचारा. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी डोक्यावर काही तरी ओढावेच लागते, आणि तुमच्या कापलेल्या फियाटला ओढायला टपच नाही.

पांझराकाठ: जिप्सी चांगली आहे हे मी नाइलाजाने मान्य करतो. तरीही मी हेराल्डच पाहणार. मात्र आरसी हातात घेतल्याशिवाय आणि काढलेले छत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विसार देणार नाही.