घरी धुणं की ड्रायक्लीन? तुमचे अनुभव सांगा

चाफेकळी:
परवा माळ्यावरची ट्रंक उतरवली. तळाशी आजोबांचं धोतर निघालं. पिवळं पडलंय, घडीवर विरलंय, पण कोपऱ्यातली परटाची काळी खूण जशीच्या तशी आहे. दोन टिंबं आणि एक आडवी रेघ. बिब्ब्याची खूण. तेव्हा बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करायचे, वर चुना लावला की ती पक्की व्हायची आणि कापड फाटेपर्यंत जायची नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी. आमच्या आळीतल्या परीटमामांना अक्षरओळख नव्हती, पण सगळ्या आळीच्या खुणा पाठ. आजी कपडे देताना न्हाणीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची, परत आले की एकेक रेघ पुसायची.

त्याच ट्रंकेत आईची नारायणपेठ होती. आईने ती कधी बाहेर दिली नाही. वर्षातून एकदा, संक्रांतीचं हळदीकुंकू आटपलं की रिठ्याच्या पाण्यात स्वतः धुवायची. मी पाणी ओतायला. "पिळू नको, दाब," एवढंच बोलायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली, त्यानंतर साडीला पाणी लागलेलं नाही. आता लेकीला साखरपुड्यात तीच नेसायची आहे. शेजारच्या काकू म्हणतात ड्रायक्लीनला दे, मावशी म्हणते घरीच धू, तुझ्या आईने जन्मभर काय केलं! दोन दिवस साडी पलंगावर ठेवून नुसती बघतेय. तुमच्याकडे काय काय झालं ते सांगा, बरं-वाईट दोन्ही.

मनीप्लांट:
हळद!! हे आधी लिहिते, कुकर लावलाय. नणंदेच्या हळदीला पांढरा चिकनचा कुर्ता घातला होता. घरी येऊन साबण फासला तर पिवळे डाग लालभडक. मला वाटलं कुंकू लागलं की काय, रडायलाच आले. सासूबाई म्हणाल्या, अगं हळदच ती, साबण लागला की लाल होते, खळबळून काढ आणि उन्हात टाक. तीन दुपारी उन्हात होता. डाग गेला. पूर्ण गेला. तेव्हापासून हळदीचा डाग मी चोळत बसत नाही, गच्चीवर टाकते. फक्त पांढऱ्या सुतीलाच हं, रंगीत कपड्याचा रंगही ऊन घेऊन जातं.

घाटपायथा:
बिब्बा वाचून अंगावर काटा आला. लहानपणी बिब्बा हाताळून तोच हात गालाला लावला होता, आठवडाभर फोड. आजीने खोबरेल लावलं.

मनीप्लांट:
@घाटपायथा अरे बापरे. आमच्याकडे बाळंतिणीच्या लाडवात घालायचे, पण ती गोडंबी. बिब्ब्याच्या आतला गर. माझ्या आईच्या हातचे ते लाडू, काय सांगू. असो, विषय धुण्याचा आहे.

इस्त्रीघर:
आमची लाँड्री होती. वडिलांनी पस्तीस वर्षं चालवली. गल्ल्यामागे गाडगेबाबांचा फोटो, रोज सकाळी आधी त्याला हार, मग शटर पूर्ण वर. बाबांचा जन्म आमच्याच समाजातला, परीट घरातला, त्यामुळे तो फोटो आमच्यासाठी देवघर होता.

चाफेकळीताई, दुकानात बसून जे शिकलो ते सांगतो. ड्रायक्लीन म्हणजे कोरडं नव्हे. कपडा भिजतोच, फक्त पाण्यात नाही. पूर्वी आमच्याकडे पेट्रोल वॉश म्हणायचे, पुढे पर्क नावाचं रसायन आलं. हे द्रव तेल, तूप, मेण, लिपस्टिक विरघळवतात. पण सरबत, चहा, घाम हे पाण्यात विरघळणारे डाग. नुसत्या ड्रायक्लीनने ते निघत नाहीत, कारागिराला त्या जागी वेगळं काम करावं लागतं. आता सरबताचा डाग सुकला की दिसतच नाही. गिऱ्हाईक सांगत नाही, आम्हाला दिसत नाही, आणि गरम इस्त्री फिरली की साखर तपकिरी होऊन वर येते. मग "तुम्ही डाग पाडलात" म्हणून भांडण. वडील प्रत्येकाला हात जोडून विचारायचे, काय सांडलंय ते सांगा हो. लोकांना सांगायची लाज वाटायची.

दुसरं म्हणजे रेशीम आणि कपड्याचा साबण यांचं जमत नाही. रेशीम आपल्या केसांसारखं, प्रथिनाचं. सोड्याच्या साबणाने त्याची चमक मरते, मग सूतही मरतं. रिठ्याचा फेस सौम्य असतो म्हणून जुन्या बायका रिठा वापरायच्या. त्यांचं बरोबरच होतं. पण रिठ्याला स्वतःचा तपकिरी रंग असतो, फिक्या साडीवर तो चढतो.

तिसरं, साडी खिडकीसमोर धरून घडीच्या रेघेवर बघा. तिथून जास्त उजेड येत असेल तर सूत विरलंय. मग घरी धुवा नाहीतर बाहेर द्या, पण रोल प्रेस करू नका म्हणून बजावून सांगा. रोलरवर ताणून ओढली की तिथेच फाटते.

एक आठवण आहे. एका बाईंनी शालू टाकला होता, मोतिया रंगाचा. न्यायला आल्याच नाहीत. पावतीवर आडनाव आणि "स्टेशनजवळ" एवढाच पत्ता. दुकान बंद केलं तेव्हा वडिलांनी बाकीचे पडून राहिलेले कपडे वाटून टाकले, शालू घरी आणला. दर दिवाळीला आई घडी बदलते. त्या बाई कुठे असतील माहीत नाही. वडील गेल्या वर्षी गेले, जाईपर्यंत विचारत होते, कोणी आलं होतं का.

चाफेकळी:
@इस्त्रीघर दादा, वाचून खूप वेळ गप्प बसले. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

वाळवण:
आमच्याकडे पाणी दिवसाआड, तेही बोअरचं. साबणाला फेस नाही, पांढरे कपडे सहा महिन्यांत करडे. मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टासाठी मी पावसाचं पाणी साठवते, खरंच. त्या पाण्यात चिमूटभर साबण पुरतो.

पाऊसवेडी:
मला कोणाला तरी हे सांगायचंच होतं. आईने बाबांसाठी विणलेला स्वेटर, लोकरीचा, राखाडी, गळ्याला वेणीची वीण. बाबा गेल्यावर मी घेऊन आले. थंडीत घालायचे. एकदा घाईत बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेला, गरम पाण्याच्या प्रोग्रॅमवर. बाहेर आला तो पाच वर्षांच्या मुलाचा. घट्ट, जाड, नमद्यासारखा. नंतर कळलं की लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. आईला अजून सांगितलेलं नाही. स्वेटर कपाटात आहे.

घाटपायथा:
@पाऊसवेडी सांगून टाका आईला. माझ्या आईने अशाच आटलेल्या स्वेटरची बाळासाठी टोपी आणि मोजे शिवले होते. आटलेली लोकर कात्रीने कापली तरी उसवत नाही.

पाऊसवेडी:
@घाटपायथा हे माहीत नव्हतं. रविवारी फोन करते तिला.

काळा कोट:
वकिली करतो, कोकणात. आमचा प्रश्न डागांचा नाही, बुरशीचा. जून ते सप्टेंबर कोट कपाटात चार दिवस राहिला की खांद्यावर पांढरी भुकटी. ड्रायक्लीनहून आलेला कोट त्याच प्लास्टिकच्या पिशवीत टांगून ठेवणं ही मी दोन पावसाळे केलेली चूक. आत ओल कोंडते, वासही कोंडतो. आता आणल्या आणल्या पिशवी काढतो, दिवसभर पंख्याखाली ठेवतो, मग सुती कव्हरात. गळ्याचे पांढरे बँड मात्र घरीच. आई साबुदाण्याची खळ करून देते. बाहेर करून आणले तर दुपारपर्यंत मान टाकतात, आईची खळ संध्याकाळपर्यंत ताठ.

मनीप्लांट:
@काळा कोट साबुदाणा किती, पाणी किती? मी तांदळाच्या पेजेची करते, ती फार चिकट होते.

काळा कोट:
आईला विचारून सांगतो. ती "अंदाजाने" म्हणणार.

दूरदेशी:
न्यू जर्सी. इथे साडी घेऊन गेले तर काउंटरवरच्या बाईंनी पूर्ण उलगडून मीटर मीटर मोजली, पडदा समजून. त्यांची चूक नाही, त्यांनी आधी साडी पाहिलीच नव्हती. पण त्या दिवसापासून रेशमी साड्या भारतवारीत नेऊन देते. पर्कबद्दल आणखी एक. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये नियम झाला, ड्रायक्लीनिंगमधून पर्क दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचं. कारण कर्करोगाचा धोका, आणि तो सगळ्यात जास्त दिवसभर त्या मशीनपाशी काम करणाऱ्यांना. आपण कपडा घेऊन निघून येतो, तो माणूस तिथेच असतो. नव्या कपड्यांच्या लेबलवर बघा. नुसता गोल म्हणजे ड्रायक्लीन. गोलात इंग्रजी पी असेल तर पर्क चालतं, एफ असेल तर फक्त हलकी पेट्रोलजन्य द्रवं. टबावर फुली म्हणजे पाणी अजिबात नको.

इस्त्रीघर:
@दूरदेशी वडिलांना कायम डोकेदुखी असायची. दुकानाला मागे खिडकी नव्हती. हे आधी कळायला हवं होतं.

दूरदेशी:
@इस्त्रीघर दादा, मनापासून वाईट वाटलं.

नवी नवरी:
माझा लेहेंगा एका ठिकाणी दिला होता, नंबराची चिठ्ठी थेट नेटच्या ओढणीला स्टेपल केली. पिन काढताना नेट फाटलं. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत "जबाबदारी नाही". आता देण्याआधी फोटो काढते, त्यांच्यासमोरच. आणि चिठ्ठी दोऱ्याने बांधायला सांगते, ऐकतात.

उंबरठा:
विषय थोडा सोडून. आमच्याकडे घटस्थापनेआधी घरातलं सगळं धुणं निघायचं. गोधड्या, वाकळा, सतरंज्या बैलगाडीत घालून नदीवर. दगडावर आपटायला दोन बायका, पिळायला चार. ओली गोधडी एकटीला उचलवत नाही, दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशेने पीळ द्यायचा. काठावरच्या झुडपांवर वाळत घातल्या की लांबून गावाची जत्रा भरल्यासारखं दिसायचं. भाकरी, ठेचा तिथेच. आता आजीच्या हातची एकच गोधडी उरलीय. मशीनमध्ये मावत नाही, लाँड्रीवाला घेत नाही. मी काय करू?

चाफेकळी:
कळवायला आले. @इस्त्रीघर दादांनी सांगितलं तसं साडी खिडकीशी धरली. घडीवर उजेड येतोय, पण थोडाच. आणि एक दिसलं जे इतके दिवस दिसलं नव्हतं. काठाजवळ रुपयाएवढा तेलकट डाग, निरांजनाचा असणार, आई ओवाळायची तेव्हाचा. तूप-तेल द्रवात विरघळतं हे इथेच वाचलं, म्हणून आज सकाळी ड्रायक्लीनला देऊन आले. डाग कशाचा ते सांगितलं, रोल प्रेस नको म्हटलं, हलक्या हाताने इस्त्री. त्यांनी चिठ्ठी दोऱ्याने बांधली. मावशी जरा रुसलीय. धोतर मात्र मी घरीच रिठ्यात दाबून काढलं, सावलीत टाकलंय. खूण अजून काळी आहे.

इस्त्रीघर:
@चाफेकळी बरोबर केलंत. आणली की घडी उलटी घाला, जरीची बाजू आत, आणि मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळी साडीला चिकटून ठेवू नका.
@उंबरठा गोधडी मोठ्या घमेल्यात नाहीतर न्हाणीत, गार पाण्यात, पायाने तुडवा. आधी उसवलेले टाके घालून घ्या, नाहीतर आतल्या चिंध्या गोळा होतात. दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने ताणते. बाजेवर आडवी पसरा.

उंबरठा:
बाज नाही हो दादा, फ्लॅट आहे. गच्चीवर दोन खुर्च्यांवर शिडी आडवी टाकली तर चालेल का?

इस्त्रीघर:
चालेल. शिडीवर आधी जुनी चादर घाला, गंज लागायला नको.