ड्यूकचा २०२४-२५ चा संघ : खेळाडूंच्या नावापुढच्या शाळा आणि त्या हंगामाचा शेवट

अनभिज्ञ :

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा २०२४-२५ चा हंगाम मी सध्या जुन्या सामन्यांची चित्रणे पाहत समजून घेत आहे. ३९ सामन्यांत ३५ विजय, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटात २० पैकी १९ सामने जिंकून पहिला क्रमांक, पाठोपाठ कॉन्फरन्सच्या स्पर्धेचे विजेतेपद, आणि ५ एप्रिल २०२५ रोजी सॅन अँटोनिओ येथे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ह्यूस्टनकडून ६७-७० अशी हार, हा ढोबळ क्रम मला ठाऊक आहे.

माझी अडचण खेळाडूंच्या यादीशी संबंधित आहे. त्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे गाव आणि शाळा दिलेली असते, पण या दोहोंचा मेळ अनेकदा बसत नाही. कूपर फ्लॅगचे गाव न्यूपोर्ट, म्हणजे देशाच्या ईशान्य टोकाचे मेन राज्य. शाळा मात्र माँटव्हर्ड अकॅडमी, जी तेथून दोन हजार किलोमीटरांहून दूर फ्लोरिडात आहे. मग ती शाळा नेमकी कोणत्या अर्थाने ‘त्याची’ समजायची? शिवाय ह्यूस्टनविरुद्धच्या पराभवानंतर ‘शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलांवर उभा केलेला संघ मोक्याच्या क्षणी कच्चा ठरला’ असा सूर मला पुष्कळ चर्चांत आढळला. खेळाडू कोणत्या शाळांतून आले आणि हंगाम कसा संपला, यांचा असा संबंध खरोखर लावता येतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तीनगुणी :

त्या रकान्यात खेळाडू ज्या शाळेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडला, ती शेवटची शाळा असते. त्याआधीची वर्षे तिथे दिसत नाहीत. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारणतः नववी ते बारावी अशी चार वर्षे. फ्लॅगने त्यातले पहिले वर्ष घराजवळच्या नोकोमिस रिजनल हायस्कूल या सरकारी शाळेत काढले आणि २०२२ मध्ये त्या शाळेला राज्याचे विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर तो आणि त्याचा जुळा भाऊ एस हे दोघेही माँटव्हर्डला गेले. तिथे दोन वर्षे झाल्यावर कूपरने शालेय शिक्षण एक वर्ष आधीच पूर्ण केले आणि वयाची अठरा वर्षेही भरलेली नसताना तो ड्यूकमध्ये दाखल झाला. म्हणजे यादीत जिचे नाव आहे त्या शाळेत तो दोनच वर्षे होता, आणि उन्हाळ्यातल्या क्लब स्पर्धांत तर तो त्या काळातही ‘मेन युनायटेड’ या आपल्याच राज्यातल्या संघाकडून खेळत असे.

तरीही माँटव्हर्डचे नाव नाममात्र आहे, असे मी म्हणणार नाही. तिचा राष्ट्रीय संघ राज्यातल्या शेजारच्या शाळांशी नव्हे, तर देशभर फिरून तशाच तयारीच्या शाळांशी खेळतो. २०२३-२४ मध्ये त्या संघाने ३३ पैकी ३३ सामने जिंकले. फ्लॅगच्या जोडीला तिथे डेरिक क्वीन, एसा न्यूएल, लियम मॅकनीली आणि रॉबर्ट राइट होते, आणि राइट वगळता फ्लॅगसह उरलेले चौघे जून २०२५ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्याच फेरीत निवडले गेले. ज्या मुलाचा रोजचा सराव असल्या सोबत्यांशी होतो, त्याला महाविद्यालयातला प्रतिस्पर्धी फार परका वाटत नाही. ११ जानेवारी २०२५ रोजी नोत्र देमविरुद्ध फ्लॅगने ४२ गुण केले, तो पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा कॉन्फरन्समधला विक्रम ठरला.

दुसरे नाव पाहावे ते व्हर्जिनियातील पॉल सिक्स्थ कॅथलिक या शाळेचे. पॅट्रिक एन्गोंग्बा आणि डॅरन हॅरिस हे दोघेही तिथलेच, आणि त्यांच्याआधी जेरेमी रोच व ट्रेव्हर कील्स याच शाळेतून ड्यूकला आले होते. गंमत अशी की माँटव्हर्डने ३३ वा विजय मिळवला, तो याच पॉल सिक्स्थच्या विरुद्ध, म्हणजे राष्ट्रीय शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. पुढे मार्च २०२५ मध्ये ड्यूकने राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत बेलरला ८९-६६ असे हरवले, तेव्हा समोरच्या संघात दोन ओळखीचे चेहरे होते : फ्लॅगचा शाळासोबती राइट, आणि ड्यूक सोडून बेलरला गेलेला रोच. ज्याला आपण राष्ट्रीय स्पर्धा म्हणतो, तिच्यातले बरेच खेळाडू अशा मोजक्या शाळांमुळे एकमेकांना आधीपासून ओळखत असतात.

याच्या अगदी उलट उदाहरण कॉन कनिपल याचे. तो मिलवॉकी येथील विस्कॉन्सिन लुथरन या शाळेत अखेरपर्यंत राहिला आणि २०२४ मध्ये एकही सामना न हरता तिला राज्याच्या दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून दिले. तो कोणत्याही अकॅडमीत गेला नाही. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत जॉर्जिया टेकविरुद्ध फ्लॅगचा घोटा दुखावला, त्याच सामन्यात मलीक ब्राउनचा खांदाही निखळला, आणि उरलेले दोन सामने संघाला या दोघांशिवाय खेळावे लागले. नॉर्थ कॅरोलायनाला ७४-७१ आणि लुइव्हिलला ७३-६२ असे हरवून ड्यूकने ती स्पर्धा जिंकली, तेव्हा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान कनिपलला मिळाला. साध्या शाळेतून आलेल्या मुलाला मोठ्या मंचाची सवय नसते, या समजुतीला या दोन सामन्यांनी पुरेसे उत्तर दिले आहे, असे माझे मत आहे.

बाकावरून :

वरील माहितीत भर घालतो, आणि प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल थोडे ठामपणे लिहितो. ‘पोरांचा संघ’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. हंगामाच्या उत्तरार्धात सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत फ्लॅग, कनिपल आणि खमान मालुआच हे पहिल्या वर्षाचे खेळाडू होते, हे मान्य. पण उरलेल्या दोघांपैकी टायरीस प्रॉक्टर तिसऱ्या वर्षाला होता, आणि सायन जेम्स तर टुलेन विद्यापीठात चार हंगाम खेळून आलेला होता.

आता शेवटचा मिनिट पुन्हा काळजीपूर्वक पाहावा. साधारण ३५ सेकंद उरले असताना ड्यूककडे सहा गुणांची आघाडी होती. इमॅन्युएल शार्पने तीन गुणांची फेक साधली. त्यानंतर बाहेरून चेंडू आत देताना तो ह्यूस्टनने हिरावला आणि जोसेफ टगलरने सोबत्याची चुकलेली फेक पुन्हा बास्केटमध्ये टाकून अंतर एका गुणावर आणले. प्रॉक्टरची फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) चुकली. रीबाउंडसाठी, म्हणजे परतलेला चेंडू पकडण्यासाठी, उडी घेताना फ्लॅगच्या नावावर फाउल लागला, जवान रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो टाकून आघाडी घेतली, आणि फ्लॅगची शेवटची फेक कड्यावर आपटून बाहेर आली. चेंडू आत देणारा होता जेम्स, फ्री थ्रो टाकणारा होता प्रॉक्टर. म्हणजे पहिल्या पाचांतले सर्वांत मुरलेले दोघे. त्या दिवशी २७ गुण करणारा पहिल्या वर्षाचा फ्लॅग नसता, तर सामना इतका अटीतटीचा झालाच नसता.

वयाचा मुद्दा शोधायचाच असेल, तर तो ह्यूस्टनच्या बाजूने शोधावा. रॉबर्ट्स सहाव्या वर्षाचा खेळाडू होता, आणि एल. जे. क्रायरने २०२१ मध्ये बेलरकडून राष्ट्रीय विजेतेपद अनुभवलेले होते. त्या बचावापुढे ड्यूकला शेवटच्या सुमारे दहा मिनिटांत मैदानी फेकीतून एकच बास्केट करता आली, आणि पराभवाचे खरे कारण मला तिथे दिसते. शेवटच्या मिनिटाकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण चौदा गुणांची आघाडी त्याआधीच झिजत आली होती.

अननुभवाचा फटका बसला तो नोव्हेंबरात. केंटकीविरुद्ध ७२-७७ असा पराभव झाला, त्या सामन्याच्या अखेरीस फ्लॅगच्या हातून चेंडू निसटला होता. कॅन्ससविरुद्ध तर समोरच्या संघाचा प्रमुख खेळाडू हंटर डिकिन्सन बाहेर काढला गेला असतानाही ड्यूक ७२-७५ असा हरला. त्यानंतर संघाने सलग सोळा सामने जिंकले आणि पुढचा पराभव थेट ८ फेब्रुवारीला क्लेमसन येथे झाला. शाळेतून आलेल्या मुलांना घडायला किती वेळ लागला, याचे उत्तर या तारखांत आहे.

अनभिज्ञ :

दोघांचेही आभार. मालुआच आणि प्रॉक्टर यांच्या नावापुढे मला अमेरिकेतली शाळा दिसत नाही, एनबीएच्या अकॅडमीचा उल्लेख दिसतो. तो काय प्रकार आहे? आणि जेम्स, गिलिस यांच्यासारखे खेळाडू दुसऱ्या विद्यापीठातून आलेले असतील, तर त्यांच्या बाबतीत शाळेच्या नावाला काही अर्थ उरतो का?

मधली फळी :

एनबीएने अमेरिकेबाहेर चालवलेल्या अकॅडमींत निवडक मुलांचे शिक्षण आणि खेळ हे दोन्ही एकाच ठिकाणी होते. प्रॉक्टर मूळचा सिडनीचा; तो कॅनबेरातील अकॅडमीतून आला, आणि त्यानेही एक वर्ष आधीच ड्यूक गाठले होते. मालुआचची वाट अधिक लांबची आहे. त्याचा जन्म दक्षिण सुदानमधील रुंबेकचा, लहानपण युगांडात गेले, बास्केटबॉल हातात आला तो तेराव्या वर्षाच्या सुमारास, आणि त्यानंतर तो सेनेगलमधील साली येथील अकॅडमीत दाखल झाला. महाविद्यालयात येण्यापूर्वीच तो दक्षिण सुदानकडून २०२३ चा विश्वचषक आणि २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक खेळला होता. त्यामुळे त्याला ‘शाळेतून नुकताच आलेला’ म्हणणे कागदोपत्री बरोबर असले तरी फसवे आहे. जाता जाता नोंदवतो की ज्या दिवशी ह्यूस्टनचा सामना झाला, त्याच दिवशी अमेरिकेच्या परराष्ट्र मंत्र्यांनी दक्षिण सुदानच्या पारपत्रधारकांचे सर्व व्हिसा रद्द केल्याची घोषणा केली होती. सव्वासात फुटांच्या आसपास उंची असलेल्या त्या मुलाच्या मनावर त्या संध्याकाळी काय ओझे असेल, हे गुणफलकावरून कळत नाही.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांबद्दल. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलल्यावर एक हंगाम बाहेर बसावे लागत नाही, आणि २०२४ मध्ये ‘एकदाच’ ही अटही गेली. त्यातच कोविडच्या हंगामामुळे मिळालेले खेळण्याचे जादा वर्ष अनेकांकडे शिल्लक होते. आदल्या हंगामात नियमित खेळलेल्यांपैकी प्रॉक्टर आणि केलेब फॉस्टर एवढेच उरल्यामुळे प्रशिक्षक जॉन शायर यांनी टुलेनहून जेम्स, परड्यूहून मेसन गिलिस आणि सिरॅक्यूजहून ब्राउन यांना आणले. जेम्सच्या नावापुढे जॉर्जियातील लॅनियर हायस्कूल लिहिलेले असले, तरी त्याला घडवले ते टुलेनमधल्या चार वर्षांनी. त्याच्या बाबतीत शाळेचा रकाना फारसे काही सांगत नाही, असेच मी म्हणेन.

गिलिसचे तसे नाही. तो इंडियाना राज्यातील न्यू कॅसलचा, आणि त्या शाळेचे बास्केटबॉलचे सभागृह जगातल्या हायस्कूलांमध्ये सर्वांत मोठे मानले जाते. ड्यूकच्या कॅमेरन इनडोअर स्टेडियमची क्षमता ९,३१४ आहे. एका छोट्या गावातल्या शाळेचे सभागृह त्याच्या जवळपास पोहोचते, यावरून त्या राज्यात शालेय बास्केटबॉलला काय स्थान आहे ते समजावे. पुढे परड्यूकडून तो २०२४ चा राष्ट्रीय अंतिम सामनाही खेळला होता. असा खेळाडू बाकावरून उठून मैदानात येतो, तेव्हा प्रेक्षकांच्या गोंगाटाचे त्याला अप्रूप नसते.

आणखी एक नाव कोणी घेतले नाही, ते आयझाया एव्हन्सचे. नॉर्थ कॅरोलायनातीलच नॉर्थ मेक्लेनबर्ग या सरकारी शाळेतला हा मुलगा डिसेंबरपर्यंत फारसा खेळत नव्हता. ४ डिसेंबर २०२४ रोजी दुसऱ्या क्रमांकावरील ऑबर्नविरुद्ध पूर्वार्धात त्याने तीन गुणांच्या सहा फेकी साधल्या, आणि सुरुवातीला मागे पडलेला ड्यूक तो सामना ८४-७८ असा जिंकला. माझ्या मते हंगामाचे वळण हेच होते.

‘तीनगुणी’ यांच्याशी मी एका बाबतीत थोडा असहमत आहे. अकॅडमी आणि साधी शाळा यांत त्यांनी केलेला फरक बरोबर आहे. पण त्यावरून खेळाडूच्या तयारीचा अंदाज बांधू नये. जून २०२५ मध्ये त्या संघातले पहिले पाचही जण एनबीएत निवडले गेले : फ्लॅग पहिल्या क्रमांकावर, कनिपल चौथ्या, मालुआच दहाव्या, जेम्स ३३ व्या आणि प्रॉक्टर ४९ व्या. पाच जण पाच अगदी वेगळ्या वाटांनी आलेले.

तीनगुणी :

असहमती मान्य आहे, आणि तुमच्या बाजूचा आणखी एक पुरावा मीच देतो. २०२५-२६ साठी ड्यूकने घेतलेले कॅमेरन आणि केडन बूझर हे जुळे भाऊ मायामीच्या क्रिस्टोफर कोलंबस हायस्कूल या आपल्याच शहरातल्या कॅथलिक शाळेत चारही वर्षे राहिले. त्या शाळेने त्या चारही वर्षी राज्याचे विजेतेपद पटकावले, आणि एप्रिल २०२५ मध्ये, अकॅडमींची मक्तेदारी समजली जाणारी ती राष्ट्रीय शालेय स्पर्धाही जिंकली. त्यांच्या नावापुढे गाव आणि शाळा हे दोन्ही रकाने जुळतात.