मदत हवी आहे: या जमिनीत ऊस येईल का? रिपोर्ट आलाय, लवकर सांगा

बांधावरून:
सव्वादोन एकर रान आहे. माती परीक्षणाचा रिपोर्ट काल आला, पीएच ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३८, पालाश भरपूर. ऊस लावू का नको एवढंच सांगा. बेणं सांगून ठेवलंय, आठ दिवसांत उचलायचंय.

ओलवाट:
ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, किती? मुक्त चुनखडी किती? माती किती खोल आहे, खाली मुरूम का अजून काही? आधी काय पीक होतं? नुसत्या पीएचवर कोण काय सांगणार.

खोडवावाला:
८.३ म्हणजे जमीन बिघडलीय. डोळे झाकून जिप्सम टाका, मी टाकलं, दोन वर्षांत रान बदललं.

काळी_माती:
डोळे झाकून नको हो. चुनखडीच्या जमिनीचा पीएच ८.२-८.३ च्या आसपास राहतोच, तो चुन्यामुळं. जिप्सम लागतं चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीला, तिथं पीएच ८.५ च्या वर जातो आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) १५ टक्क्यांच्या पुढं. आणि जिप्सममधल्या कॅल्शियममुळं सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जायला निचरा पाहिजे, तो नसेल तर जिप्सम टाकून काय उपयोग.

खोडवावाला:
म्हणजे माझ्या रानात फरक पडला तो खोटा का?

काळी_माती:
खोटा कुठं म्हणतोय. तुमची चोपण असेल, यांची आहे का ते अजून कळलेलंच नाही.

थेंबथेंब:
ठिबक करा, पाच फुटी सरी ठेवा, पाट पाण्यानं रानं खराब होतात. सगळ्याचं मूळ तेच आहे.

बांधावरून:
ठिबकचं विचारलंच नाही मी. ईसी ०.४२, चुनखडी १४ टक्के. नेटवर उसाला ईसी १.७ पर्यंत चालते असं आहे, म्हणजे मी बसतो ना त्यात? आधी सोयाबीन होतं, वरच्या अंगाला चांगलं आलं, खालच्या कोपऱ्यात पिवळं पडलं. उन्हाळ्यात तिथं पांढरं फुटतं.

ओलवाट:
दादा पांढरं फुटतं, म्हणजे क्षार वर येतात, हे पहिल्यांदा सांगायचं. आणि तो १.७ आकडा संपृक्त अर्काचा आहे, म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याचा, आपल्याकडचे रिपोर्ट बहुतेक एक भाग माती अडीच भाग पाणी असे काढतात, त्यात ईसी बरीच कमी दिसते. दोन्ही आकडे एकमेकांना लावू नका. नमुना कुठून घेतला?

बांधावरून:
विहिरीकडच्या बांधालगत, एकाच ठिकाणचा. खताच्या रिकाम्या पिशवीत भरून दिला.

ओलवाट:
मग हा रिपोर्ट तुमच्या रानाचा नाहीच. पिशवीत खत चिकटलेलं असेल तर पालाश भरपूर दिसणारच. वरचं अंग आणि खालचा कोपरा वेगळे धरा, प्रत्येकात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा घ्या, बांध, विहीर, झाडं, उकिरडा सोडून. एक नमुना ० ते ३० सेंमीचा, दुसरा ३० ते ६० चा, कारण उसाची मुळं खाली जातात. सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोवर आणा, स्वच्छ कापडी पिशवीत द्या. आणि रिपोर्टची वाट न बघता दोन्हीकडं मीटरभर खड्डा घ्या.

काळी_माती:
कोपऱ्यातलं एक वाळलेलं ढेकूळ पावसाच्या नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात सोडा, हलवू नका. भोवती दुधासारखं गढूळ पसरलं तर सोडियमचा संशय घ्या, मग जिप्समचं बघू.

थेंबथेंब:
आणि तागाचं काय? कर्ब ०.३८ म्हणजे कमीच की.

काळी_माती:
हे मात्र बरोबर. ताग नाहीतर धैंचा हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडा, पुढं पाचट जाळू नका. १४ टक्के चुनखडी खरी निघाली तर स्फुरद नुसतं फेकू नका, अडकून बसतं, शेणखतात मिसळून सरीत द्या. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो लोहाचा केवडा, युरिया ओतून जाणार नाही.

बांधावरून:
खड्डे घेतले. वर साडेतीन फूट माती, मग मुरूम. खालच्या कोपऱ्यात अडीच फुटांवर पाणी लागलं, ढेकूळ पण गढूळ झालं. वरच्या दीड एकरापुरतंच बेणं सांगतोय, बाकीचं रद्द, नमुने उद्या देतो. कोपऱ्यात चर काढायचा तर पाणी शेजारच्या रानात उतरतंय आणि शेजारी ऐकायला तयार नाहीत. यातून कुणी वाट काढलीय का?