पुराच्या नावेला इंजिन: २५ एचपी की ४०?

वाडीचा_नावाडी: आमच्या मंडळाची १४ फुटी फायबर नाव आहे. शिरोळ तालुका, कृष्णा-पंचगंगेचा संगम उशाला, २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर अंगावर घेतलेत. आता वर्गणीतून ओबीएम, म्हणजे नावेच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन, घ्यायचंय. माझं मत २५ एचपी टू-स्ट्रोकला. वजन पन्नास किलोच्या आसपास, दोघं उचलून ट्रॉलीत टाकतात.

रंकाळा_कट्टा: कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फूट म्हणजे धोका पातळी. त्यावरच्या ओढीला माणसं भरलेली नाव २५ वर रेटणार? ४० शिवाय बात नाही भावा.

जुना_फिटर: ४० चं धूड त्या नावेला टांगा, नाक वर आणि मागून पाणी आत. नाव किती एचपी पेलते ते बनवणाऱ्याला विचारा आधी. आणि एचपीवरनं भांडताय, शाफ्टचं, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या दांड्याच्या लांबीचं, कोण बोलतच नाही! इंजिन लावायच्या फळीची उंची मोजा. १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० असेल तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाला समांतर, फार तर इंचभर खाली. वर राहिली तर पंखा हवा खातो, इंजिन नुसतं बोंबलतं. फार खाली गेली तर बुडालेल्या फडातला ऊस आणि कुंपणाच्या तारा आहेतच.

कुरुंदवाडकर: मी फोर-स्ट्रोकवाला. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये रात्री दोनला टॉर्चच्या उजेडात ५० ला १ ऑइल कोण मोजत बसणार? आवाजही कमी. माडीवरनं हाक मारणाऱ्याचं ऐकू तरी येतं.

वाडीचा_नावाडी: आवाजाचं पटलं. पण फोर-स्ट्रोक आडवं टाकताना बाजू सांभाळावी लागते, नाहीतर ऑइल नको तिथं जातं. घाईत आमची पोरं बाजू बघणार होय?

कुरुंदवाडकर: मग पोरांना शिकवा. बारा महिन्यांत एकदा तरी बाहेर काढता का ते इंजिन?

जुना_फिटर: हे खरं दुखणं. टाकीत जुनं पेट्रोल, कार्बोरेटरमध्ये चिकटा, आणि जुलैत दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. महिन्यातून एकदा पाण्यात चालवा, ठेवताना कार्बोरेटर रिकामा करा. चालू असताना इंजिन थंड करून मागं पडणारी पाण्याची धार बघत राहायची. थांबली तर जलपर्णी अडकली समजा. लगेच बंद करून साफ करा, नाहीतर टू काय नि फोर काय, दोन्ही जळतात.

रंकाळा_कट्टा: सगळं मान्य, पण ओढीला ताकदच लागते. मोठी नाव घ्या, मग ४०.

वाडीचा_नावाडी: मोठ्या नावेची वर्गणी तुमच्या पेठेतनं आणा! फळी मोजली, २० इंच. लाँग शाफ्ट ठरला. टू की फोर, त्यावर अजून भांडा.