मदत हवी आहे: कुटच्या वेढ्यातल्या मराठा शिपायाची मृत्यूची तारीख कशी शोधावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या घरी (तालुका खेड, जि. रत्नागिरी) देवघरात टाकांशेजारी ब्राँझची एक जाड गोल चकती आहे, साधारण 12 सेंमी रुंद. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पुढ्यात सिंह. देवीच समजून घरातल्या बायका तिला पिढ्यानपिढ्या हळदकुंकू वाहत आल्या. गेल्या गणपतीत मी ती चिंचेने घासली आणि कडेची इंग्रजी अक्षरं वर आली. तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला, असा त्यांचा अर्थ. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली ही चकती, आणि देवी म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं स्त्रीरूपातलं प्रतीक. बाजूच्या चौकटीत माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव आहे. हुद्दा नाही, पलटण नाही, तारीख नाही. मरण सगळ्यांचं सारखं म्हणून हुद्दा मुद्दामच घालत नसत. ते मला पटतं, पण माझा शोध तिथेच अडलाय.

आजी सांगायची, "कोटात अडकला, घोडा खाल्ला नाही, म्हणून मेला." लहानपणी आम्हाला वाटायचं, कुठला तरी किल्ला असेल. आता कळतंय की तो कोट नव्हे, कुट. मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) कुट-अल-अमारा. 7 डिसेंबर 1915 ला तिथल्या ब्रिटिश फौजेला तुर्कांचा वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला तिचा सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. आत सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले, पण बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस शेवटच्या आठवड्यांपर्यंत नाकारलं. रक्तपिती रोगाने (स्कर्व्ही) माणसं खचली. आजीचं ते एक वाक्य इतकं नेमकं होतं, हे वाचून मला रडू आलं.

सरकारी कागदात आधी नुसतं 'बेपत्ता' आलं होतं म्हणे. चुलत पणजीने चकती येईपर्यंत कुंकू पुसलं नाही. मूलबाळ नव्हतं. चांदीचं पदकही आलं होतं, पण पुढे अडीअडचणीला ते मोडलं. त्याच्या कडेवर नंबर आणि पलटण कोरलेली असते हे मला आत्ता कळलं. फार हळहळ वाटते.

महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन यादीत शोधलं. इराकमधल्या बसरा स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, फक्त आकडा आहे. यादीत मात्र नावं सापडतात. आमचं आडनाव कदम, त्यामुळे एकाच नावाचे बरेच निघाले. काहींच्या पुढे बापाचं नाव आणि गाव आहे, पण गावाचं स्पेलिंग साहेबाने ऐकलं तसं. आमची वाडी कुठेच जुळत नाही. कुणी अशी जुनी स्पेलिंगं लावून पाहिली आहेत का? बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राकडे इतक्या जुन्या शिपायाची चौकशी कोणी केली आहे का, आणि पत्र लिहायचं तर काय काय जोडावं? तो वेढ्यात गेला, की तुर्कांचा कैदी होऊन रास-अल-ऐनच्या (आजच्या सीरियातल्या) रेल्वेकामावर, हे कशावरून ठरवता येईल? अनेक हिंदी कैदी तिकडे नेले होते, म्हणून विचारतोय.

तारखेचा एवढा आग्रह यासाठी, की तिथी माहीत नसल्याने त्यांचं पान शंभर वर्षं सर्वपित्रीलाच ठेवलं जातं. बाबा आता 78 वर्षांचे आहेत. एकदा तरी त्यांच्या तिथीला पान ठेवायचं, असं ते म्हणतात. तारीख मिळाली तर 1916 च्या पंचांगावरून तिथी काढून देणारं कुणी असेल तर तेही सांगा.

पूर्ण नाव आणि चकतीचा फोटो व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवतो.