मदत हवी आहे: बागेत काम करताना ऐकायला बटणांचा छोटा प्लेअर (टचस्क्रीन नको)

खरडछाटणी:

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणी उरकली की पुढचे दोन-अडीच महिने सकाळी सातपासून मुक्काम वेलीखालीच. आधी फेलफुटी (घड नसलेले फुटवे) काढायच्या, मग डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), मग विरळणी (घडातले जादा मणी काढणं). हात चालू, मान वर आणि डोकं रिकामं. अशा वेळी कानात काहीतरी वाजत असलं तर दिवस सरतो, नाहीतर चार ओळींतच कंबर बोलायला लागते.

आतापर्यंत फोनवर ऐकायचो. पण डिपिंगच्या दिवसांत दोन्ही हात जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवणारं संजीवक) पाण्यात असतात. ओल्या अंगठ्याला स्क्रीन दाद देत नाही. शर्टाला पुसून बोट लावावं तर गाणं सोडून भलतंच काहीतरी उघडतं. दोनदा तर गाणं पुढे ढकलायला गेलो आणि व्यापाऱ्याला फोन लागला. त्याला वाटलं, मी घाईला आलोय. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधीच त्याने किलोमागे दोन रुपये कमी सांगितले!

यंदा कहर झाला. वाकलो आणि वरच्या खिशातला फोन थेट डिपिंगच्या बादलीत. विहिरीवरची मोटर मी फोनवरून चालू करतो, हवामान त्यावरच बघतो, मजुरांचे हिशेबही त्यातच. फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात पडून होता आणि मी मोटर चालू करायला विहिरीवर खेटे घालत होतो. तेव्हाच ठरवलं की फोनचं काम फोन करेल, गाण्याला वेगळं यंत्र.

पूर्वी माझ्याकडे काडेपेटीएवढा क्लिपवाला प्लेअर होता. कॉलरला अडकवायचा आणि विसरून जायचं. कापडावरूनच बटण चाचपून गाणं बदलता यायचं. दहा वर्षं इमानाने वाजला, आता चाळीस मिनिटांत मान टाकतो. उघडून बघितलं तर आत नखाएवढी बॅटरी, तारा डाग देऊन जोडलेल्या. तालुक्यातल्या दुरुस्तीवाल्याने हातात घेऊन परत दिला.

मग ऑनलाइन नऊशे रुपयांचा एक मागवला. वर झोकात ‘६४ जीबी’ लिहिलेलं. सगळा साठा भरला. पहिली काही गाणी व्यवस्थित, पुढे नुसती खरखर, आणि चार दिवसांनी आधी वाजलेली गाणीही गायब. मराठी नावांच्या जागी चौकोन. एखादं नाव दिसलंच तर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसलेली, ‘विठ्ठल’ वाचताना जीभ अडखळावी अशी. क्रमाचाही पत्ता नाही, तेरावा अभंग दुसऱ्याच्या आधी.

ऐकतो काय ते सांगतो, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. वडिलांच्या साठेक कॅसेटी आहेत. गावातली कीर्तनं, भारुडं, रेडिओवरून भरून घेतलेली नाट्यगीतं. भाच्याने त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून एमपी३ करून दिल्या. एकेक कीर्तन पावणेदोन तासांचं, त्यामुळे जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं. शिवाय सकाळी नाशिक आकाशवाणी लागली तर सोन्याहून पिवळं.

आणखी एक खोड. मी एकाच कानात इअरफोनचं बोंडूक घालतो. दुसरा कान ट्रॅक्टर, माणसं आणि पाचोळ्यातली सळसळ यांच्यासाठी मोकळा लागतो. पण काही कॅसेटींत डाव्या कानात बुवा आणि उजव्यात नुसता पखवाज असा प्रकार आहे. त्याचं काही करता येईल का?

बजेट तीन-चार हजार. वस्तू खरंच टिकणारी असेल तर सहापर्यंत ताणतो.

चहाबाज:

फोनला वॉटरप्रूफ पाउच घ्या, दोनशे रुपयांत काम. कशाला वेगळा डबा सांभाळता?

खरडछाटणी:

पाउचवरून ओल्या बोटाने स्क्रीन चालवून बघा एकदा, मग बोलू. 🙂

कॅसेटकाळ:

दादा, तुमचा धागा वाचून बरं वाटलं. इथे प्लेअर म्हटलं की लोक सरळ पंचवीस हजारांच्या सोनी वॉकमनवर उडी मारतात. तो उत्तमच आहे, पण आतून तो अँड्रॉइडच आणि पुढून काच. तुमच्या बादलीला तो आवडेल, तुम्हाला नाही.

आधी तुमच्या ६४ जीबीचं. ही फसवणूक जुनी आहे. आतली चिप छोटीच असते, फक्त ती स्वतःची ओळख ६४ म्हणून देते. जागा संपली की नवं जुन्यावर लिहिलं जातं किंवा हवेत जातं, म्हणून आधीची गाणीही गेली. पुढच्या वेळी प्लेअर असो वा कार्ड, गाणी भरायच्या आधी विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाची फुकट उपयोजना चालवा. ती पूर्ण जागा भरून परत वाचून बघते. वेळ खाते, रात्री लावून झोपा. खोटं असेल तर सकाळी आकडाच सांगते.

तुम्हाला इतकी जागा लागतही नाही. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचशे तासांहून जास्त. साठ कॅसेटी नव्वद मिनिटांच्या धरल्या तरी नव्वद तास. कॅसेटवरून उतरवलेल्या कीर्तनाला ३२० केबीपीएस किंवा फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी मोठी फाइल) करून काही साधत नाही, टेपची सुसूसुद्धा जास्त स्वच्छ ऐकू येईल एवढंच.

आणि ३२च्या वर मुद्दाम जाऊ नका. ३२पर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीने आखलेली (फॉरमॅट केलेली) येतात, त्यापुढची एक्सफॅट. स्वस्त यंत्रांना बहुधा पहिलीच भाषा कळते.

क्रमाचा घोळही तिथलाच. असे प्लेअर नावाप्रमाणे लावत नाहीत, कार्डावर फाइल ज्या क्रमाने उतरली त्याच क्रमाने वाजवतात. एकदम सगळं ओढून टाकलं की खिचडी. नावाआधी ००१, ००२ घाला आणि एकेक फोल्डर रिकाम्या कार्डावर क्रमाने टाका. तरी ऐकलं नाही तर कार्डावरचा क्रम लावून देणारी ‘फॅटसॉर्ट’ ही उपयोजना चालवा.

आता यंत्र. सॅनडिस्कचा क्लिप जॅम तुमच्या जुन्याच्या जातीचा आहे: क्लिप, खरी बटणं, एफएम, वर ३२ जीबीपर्यंतच्या कार्डाची फट. नवा आणि खात्रीच्या दुकानात मिळाला तर डोळे मिटून घ्या. मात्र वर्षानुवर्षं गोदामात पडलेला माल असेल तर त्याची बॅटरीही तेवढीच म्हातारी, हे लक्षात ठेवा. त्याच घराण्यातले जुने क्लिप प्लस आणि क्लिप झिप यांवर ‘रॉकबॉक्स’ हे फुकट फर्मवेअर (यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) चढवता येतं. थांबलेल्या जागेची खूण ठेवणं, दोन्ही बाजू एकत्र करून मोनो ऐकणं, सगळं त्यात आहे. पण ते आता जुन्या बाजारातच, म्हणजे पुन्हा बॅटरीचं रडगाणं.

फिओच्या स्नोस्कायचा इको मिनी हल्ली सगळे सुचवतात. कॅसेटसारखा दिसतो, बटणांवर चालतो, आवाजही छान. तुमच्या बजेटमध्ये तो नीट बसणार नाही आणि त्यात एफएम नाही. शिवाय खरं सांगू का, त्याच्या आतल्या दोन-दोन डॅक चिपा (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या) तुमच्या बुवांवर वाया जातील.

एका कानाचा इलाज मात्र घरीच आहे. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या उपयोजनेत फाइल उघडा, ट्रॅक स्टिरिओचा मोनो करा, परत एमपी३ काढा. बुवा आणि पखवाज एकाच कानात नांदतील. फाइल अर्ध्या केबीपीएसवरही चालते, ती बचत वेगळीच.

निळा_दात:

वायरच्या फंदात पडू नका. ब्लूटूथवाला प्लेअर आणि गळ्यात अडकवायचा नेकबँड घ्या.

खरडछाटणी:

नेकबँड घेतला होता. मान दिवसभर वर, तो मागे घसरतो आणि फुटव्यात अडकतो. कानात घालायचे ते सुटे मणी भावजींचे होते, त्यातला एक अजून तिसऱ्या प्लॉटच्या मातीत आहे. वायर बरी. ओढली की सापडते.

माजघर:

मी नागपूरकडची, शेतीतलं मला कळत नाही. पण माझ्या आईसाठी हाच शोध केला होता म्हणून लिहिते. तिला आम्ही आधी सारेगामा कारवां घेऊन दिला. घरात बसून ऐकायला झकास, पण तो ट्रान्झिस्टरसारखा भला मोठा, कमरेला लावून फिरता येत नाही. शेवटी उत्तर भलतीकडेच सापडलं.

बटणांचा साधा फोन घ्या. सिम टाकूच नका.

आईकडे नोकिया ११० आहे. दोन हजारांच्या आसपास मिळाला. ३२ जीबीपर्यंत कार्ड चालतं, हेडफोनची जुनी गोल फट आहे, एफएम आहे, आणि तो वायर न लावताही लागतो. बॅटरी मागचं झाकण काढून हाताने बदलता येते, तुमच्या दुरुस्तीवाल्याला डाग द्यायला नको. आणि मराठी! आपल्याकडे विकायचा फोन म्हणून त्यात देवनागरी येतेच. आईच्या फोनवर ‘हरिपाठ’, ‘विष्णुसहस्रनाम’ सगळं वेलांटीसकट नीट दिसतं. मोठ्या किमतीच्या प्लेअरवर हे दिसेल असं गृहीत धरू नका, दुकानात स्वतःची एक मराठी फाइल नेऊन बघा.

टॉर्चही आहे, रात्री विहिरीवर जाताना उपयोगी पडेल.

एकच रड. बंद करून चालू केला की फाइल पहिल्यापासून सुरू होते. आईला चालतं, ती रोज पहिल्यापासूनच म्हणते. तुमचं पावणेदोन तासांचं कीर्तन अवघड.

कॅसेटकाळ:

मावशी, मानलं! इतकं लिहिलं मी, आणि हे सुचलं नाही.

कीर्तनाचं होईल. ‘एमपी३ डायरेक्टकट’ नावाची छोटी उपयोजना आहे, ती एमपी३ पुन्हा न दाबता जशीच्या तशी कापते, त्यामुळे आवाज बिघडत नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, ००१ पासून आकडे द्या. दुपारी जेवायला थांबलात तर फार तर दहा मिनिटं परत ऐकावी लागतील. तुकडा शब्दाच्या मधे पाडू नका, टाळ्या किंवा विठ्ठलनामाचा गजर जिथे आहे तिथे पाडा.

माजघर:

मावशी म्हणालात, चालेल. पण मी पस्तिशीतली आहे.

कॅसेटकाळ:

‘माजघर’ वाचून फसलो. ताई, माफी!

सव्वापाचची_एसटी:

रेडिओबद्दल एक भर. असल्या फोनात आणि प्लेअरमध्ये फक्त एफएम असतो. नाशिक केंद्र एफएमवर आहे म्हणून तुमचं भागेल. पण मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, ही मध्यम लहरींवरची मंडळी यात येणार नाहीत. ती हवी असतील तर जुना ट्रान्झिस्टरच लागेल. आणि बिनवायरचा एफएम लागत असला तरी डोंगराच्या आडोशाला हेडफोनची वायर लावूनच बघा, तीच एरियलचं काम करते. बोंडूक कानात नसलं तरी वायर लोंबती ठेवा.

खरडछाटणी:

मंडळी, उशिरा उत्तर देतोय, घड विरळायला बायका आल्या होत्या.

काल पिंपळगावला गेलो होतो. दुकानदाराला म्हटलं, सिम नको, फोन दाखव. त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मुलाकडे बघितलं. माजघर ताईंनी सांगितलेलाच घेतला. दुकानाबाहेरच्या नळावर हात ओले करून बटणं दाबून पाहिली, मगच पैसे दिले. क्लिप नाही ही एक उणीव. बायकोने जुन्या जीन्सच्या खिशाची पिशवी शिवून दिली आहे, वर चेन, वायरपुरतं भोक. पट्ट्याला अडकते आणि बटणं कापडावरून लागतात. पाचचं बटण मधे असल्याने त्यावर एक छोटा उंचवटा आहे, बोट तिथे टेकलं की बाकीची आपोआप सापडतात. जुन्या प्लेअरलाही असाच उंचवटा होता, तो आठवला.

कार्ड घेतलं ३२चं. रात्री एच२टेस्टडब्ल्यू लावून झोपलो, सकाळी पास.

भाच्याने कीर्तनं मोनो करून कापायला घेतली आहेत. त्याने पहिल्याच कीर्तनाचे तुकडे घड्याळ लावून बरोब्बर दहा-दहा मिनिटांचे पाडले. सातवा तुकडा संपतो तिथे बुवा म्हणतात, ‘आणि मग त्या सुनेनं सासूला काय सांगितलं, माहितीये?’ तिथेच कट. आठव्याला आकडा द्यायचा राहिला आणि तो यादीत सगळ्यात तळाला गेला. आज सकाळी तीन ओळी झाल्या, सुनेनं काय सांगितलं ते काही लागलं नाही. शेवटी शेजारच्या ओळीतल्या काकूंना विचारलं. त्यांनी ते कीर्तन पारावर बसून ऐकलेलं होतं.